करडवाडीचं कॉलेज

कासारपेठच्या लोकश्रम महाविद्यालयात खोल्या गावांच्या नावानं ओळखल्या जातात. दारांवर नंबरही आहेत. नव्या प्राचार्या मंजुश्री मॅडमनी रुजू झाल्या झाल्या ते निळ्या रंगात टाकून घेतले, पण वाचायची सवय कोणाला लागली नाही. पोरं विचारतात, "भूगोल कुठं हाय आज?" उत्तर येतं, "बोरीत." मग भूगोलाची पोरं बोरीत जातात आणि मराठीची धानोऱ्यात. परगावच्या माणसाला वाटतं, या कॉलेजच्या सहली फार निघतात.

कॉलेज काढलं तेव्हा संस्थेकडं माळावरची जमीन होती आणि उत्साह होता, बाकी काही नव्हतं. मग भोवतालच्या बारा गावांनी वाटून घेतलं, एका गावानं एक खोली बांधायची. खाण एकच, पण दगड ज्यानं त्यानं घडवायचा, गाड्या आपल्या, बैल आपले, राबणारे हात आपले. साठाच्या वर वर्षं झाली, तरी दसऱ्याच्या आधी प्रत्येक गावची माणसं येतात, आपली खोली चुन्यानं रंगवतात आणि निघून जातात. वर्धापनदिनाला गावजेवण असतं. त्या दिवशी प्रत्येक गाव आपापल्या खोलीत पंगतीला बसतं आणि करडवाडी वाढते. करडवाडीला खोली नाही, म्हणून करडवाडी वाढते.

करडवाडीच्या गाड्या निघाल्या होत्या, हे करडवाडीचे लोक शपथेवर सांगतात, आणि ते खरं आहे. ठरलं असं होतं, की गावाच्या गाड्या कासारपेठच्या वेशीत आल्या की हलगी वाजवत सामोरं जायचं, नारळ फोडायचा आणि वाजतगाजत माळावर न्यायचं. अकरा गावांना हलगी मिळाली. करडवाडीच्या गाड्या वेशीत उभ्या राहिल्या तेव्हा सामोरं कोणीच आलं नाही. पहिल्या गाडीवर अण्णाराव होता, नुकतं मिसरूड फुटलेला. तो म्हणाला, "हलगी आल्याबिगर चाक हलनार न्हाई." वेस एका वेळी एकच गाडी जाईल एवढी होती आणि बाकीच्या गाड्या त्याच्या मागं होत्या, त्यामुळं सगळ्यांनाच त्याचं म्हणणं पटलं. ऊन कललं, बैल हंबरायला लागले, हलगी आली नाही. दिवस मावळताना गाड्या वळल्या.

एवढा घडीव काळा दगड टाकून कसा द्यायचा? म्हणून त्याचा गावातल्या पिंपळाला पार बांधला. तेव्हापासून त्या पाराला करडवाडीत 'कॉलेज' म्हणतात. म्हातारं कुठं गेलं म्हणून विचारलं तर घरातून सांगतात, "कॉलेजवर." शाळेची पायरी न चढलेली माणसंसुद्धा करडवाडीत जन्मभर कॉलेजवर जात आली आहेत.

या अण्णारावांचा मुलगा वैजनाथ शिकला, भूगोलाचा प्राध्यापक झाला, आणि नेमणूक मिळाली ती नेमकी लोकश्रममध्ये. अण्णारावांनी पेढे वाटले, ते करडवाडीच्या कॉलेजवर बसून. कासारपेठच्या कॉलेजात ते आले नाहीत. बाजाराला येत, दवाखान्यात येत, कॉलेजच्या फाटकासमोरच्या हॉटेलात चहा पीत. वैजनाथसर तास संपवून बाहेर येत आणि बापाशेजारी बाकड्यावर बसत. "आत चला की अण्णा," असं म्हटलं, की अण्णाराव बशीतला चहा फुंकत विचारत, "सामोरं कोन आलं व्हतं?" एवढ्यावर विषय संपे.

आता वैजनाथसर मार्चअखेर निवृत्त होणार होते. इतक्या वर्षांत हजारो पोरांनी त्यांचं शिकवणं ऐकलं होतं, त्यातल्या निम्म्यांनी झोपेत. ज्या एका माणसानं ऐकावं असं त्यांना वाटे, त्यानं ऐकलं नव्हतं. हे ते कोणाजवळ बोलले नव्हते. साठीला टेकलेल्या माणसानं 'बापानं मला शिकवताना बघावं' म्हणणं शोभत नाही. पण वाटत होतं, आणि त्या वर्षी फारच वाटत होतं.

ते वर्ष मंजुश्री मॅडमनी नूतनीकरण वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. तपासणीला समिती येणार होती. मॅडम लातूरच्या, कामाला वाघीण. त्यांनी खिडक्यांना जाळ्या बसवल्या, बागेत कारंजं केलं आणि सगळ्या खोल्यांना आतून फिकट गुलाबी प्लास्टिक पेंट दिला. पेंट वाळतो न वाळतो तोच दसरा आला. गावोगावची माणसं चुन्याच्या बादल्या घेऊन हजर झाली आणि त्यांनी आपापली खोली रीतीप्रमाणं रंगवून टाकली. मॅडम म्हणाल्या, "अहो, हा धुता येणारा रंग होता." बोरीचे लोक म्हणाले, "धुवायचं कशाला मॅडम, आमी हाव की दरसाल." मॅडमनी त्या दिवसापासून गुलाबी रंगाचं नाव काढलं नाही.

परतीच्या पावसानं मात्र खरं काम लावलं. जांभळीच्या खोलीची मागची भिंत रात्रीतून बसली. जांभळी हे गाव धरणात गेलेलं. त्याची माणसं वाट फुटेल तिकडं गेली, कोणी अर्धापूरला केळीच्या बागेत, कोणी पुण्याला. दरसाल चुना लावायलाही कोणी उरलं नव्हतं, तर भिंत कोण बांधणार? मॅडमनी जुन्या इमारतींचं काम करणारा एक इंजिनिअर बोलावला, महांतेश नावाचा, मूळ उदगीरकडचा. त्यानं भिंतीला हात लावला, वास घेतल्यासारखं केलं आणि सांगितलं, "सिमेंटच्या विटा चालणार नाहीत. ह्याच खाणीचा, ह्याच घडणीचा दगड पाहिजे." खाण कधीच बंद पडली होती. तिच्यात आता पाणी साठलं होतं आणि पोरं पोहत.

"असा दगड आता कुठंच मिळायचा नाही?" मॅडमनी विचारलं.

वैजनाथसर म्हणाले, "आमच्या गावात आहे मॅडम. पण त्याच्यावर माणसं बसलेली असतात."

रविवारी ते करडवाडीला गेले. पारावर अण्णाराव होते, त्यांच्या बरोबरीचे शेषेराव होते आणि ज्यांना दुसरं काम नव्हतं असे आणखी चारदोन जण होते.

"अण्णा, कॉलेजला दगड पाहिजेत."

"कंच्या कॉलेजला?" शेषेरावांनी विचारलं.

"कासारपेठच्या."

"आन् ह्या कॉलेजचं काय करायचं?"

अण्णारावांनी तंबाखू मळली, चुना झटकला, तोंडात टाकली. मग म्हणाले, "दगड त्यांचेच हायेत. आमी काय खाल्ले न्हाईत. हलगी घेऊन वेशीत सामोरं या, नारळ फोडा, दगड घेऊन जा. तवाबी म्या हेच म्हनलो व्हतो."

"अण्णा, त्याला साठ वर्षं झाली."

"मंग? म्या काय बदलून सांगून राहिलो का?"

वैजनाथसरांच्या आई केवळाबाई समोरच्या दारात शेंगा निवडत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "वैजू, ती हलगी एकदाची घेऊन ये बाबा. लगीन होऊन आले तवापून तिचंच ऐकून राहिले."

मॅडमना अट ऐकून आनंदच झाला. "मग हलगीच कशाला? लातूरचं ढोल-ताशा पथक बोलावू. फेटे, झेंडे, सगळं."

"वडील हलगी म्हणाले मॅडम."

"ढोल मोठा असतो सर."

"ते मला माहीत आहे," वैजनाथसर म्हणाले.

पण कासारपेठेत हलगी वाजवणारं कोणी राहिलं नव्हतं. लग्नाला डीजे येई, मिरवणुकीला बँजो. एकच घर होतं जिथं हलगी होती, आणि त्या घरचे देविदाससर लोकश्रममध्ये इंग्रजी शिकवत, स्टाफरूममध्ये वैजनाथसरांच्या शेजारच्या खुर्चीत बसत. देविदाससरांच्या घराण्याकडं पूर्वी हलगीचा मान होता, असं गावात म्हणत. खरं सांगायचं तर काम त्यांच्याकडं होतं आणि मान बाकीच्यांकडं. देविदाससरांच्या वडलांनी हलगी खुंटीला लावली, पोराला शाळेत घातलं आणि गावकीची बोलावणी बंद केली. वैजनाथसरांना हे सगळं ठाऊक होतं. त्यामुळं विचारायला त्यांनी दिवाळीची सुट्टी जाऊ दिली, मग परीक्षा जाऊ दिल्या, आणि शेवटी एका दुपारी स्टाफरूममध्ये दोघंच असताना जड तोंडानं विचारलं.

देविदाससरांनी चहाचा कप खाली ठेवला. "त्या दिवशी हलगी का आली नाही, माहीत हाय का सर तुम्हाला?"

"न्हाई."

"माझे आजोबा वाजवत होते. सकाळपासून. अकरा गावं सामोरी घेतली. गाडीवाल्यांना माळावर पंगत होती, आजोबांना कोणी जेवा म्हणलं न्हाई. अकरावं गाव झाल्यावर ते घरी भाकर खायला गेले. घरात पीठ नव्हतं. आजीनं दळलं, थापलं, ते खाऊन वेशीत परत आले, तर तुमच्या गाड्या वळल्या होत्या." त्यांनी कप पुन्हा उचलला. "तुमच्या घरी सांगतात, हलगी आली न्हाई. आमच्या घरी सांगतात, कोणी जेवू घातलं न्हाई."

वैजनाथसरांना मान वर करवेना. आपण ही गोष्ट लहानपणापासून ऐकली, आणि वाजवणारा माणूस कुठं होता हे एकदाही विचारलं नाही, याची त्यांना लाज वाटली.

"मी वाजवणार न्हाई सर," देविदाससर म्हणाले. "वडलांनी सोडली ती मी परत धरायचो न्हाई. पण हलगी घरी हाय. सामोरं कॉलेजनं जायचं ना? मग तुम्ही कॉलेजचे आहात. तुम्ही वाजवा. मी शिकवतो."

"मला येईल?"

"आमच्या घरात कोणालाच जन्मतः येत नव्हती."

तास सुटले की वनस्पतिशास्त्राच्या बागेमागं शिकवणी सुरू झाली. हलगी आधी जाळावर शेकावी लागते, त्याशिवाय कातडं बोलत नाही. जाळायला रद्दीत निघालेल्या जुन्या उत्तरपत्रिका होत्या. भूगोलाच्या उत्तरपत्रिका इंग्रजीपेक्षा चांगल्या पेटत, हे वैजनाथसरांना निवृत्तीच्या तोंडावर कळलं. डाव्या हातात लांब बारीक काडी, उजव्या हातात जाड आखूड. देविदाससर खुर्ची टाकून बसत आणि म्हणत, "मनगट सर, मनगट. फळा पुसून नाही राहिला तुम्ही." कॉलेजात बातमी पसरली, की भूगोलाचे सर निवृत्तीआधीच बिघडले. सृष्टी नावाच्या विद्यार्थिनीनं कुंपणाआडून व्हिडिओ काढला आणि तो दोन दिवसांत करडवाडीला पोचला.

करडवाडीच्या कॉलेजवर त्या व्हिडिओची चर्चा झाली. शेषेराव म्हणाले, "आपल्या मानसानं हलगी वाजवायची? शोभतं का अण्णाराव हे?" पुढच्या रविवारी वैजनाथसर गेले आणि देविदाससरांनी सांगितलेलं सगळं त्यांनी बापाला सांगितलं. पीठ नव्हतं, हेसुद्धा सांगितलं.

अण्णारावांनी पायाखालच्या दगडाकडं बघितलं. "हे तवा कुनी सांगितलं न्हाई."

"कुनी विचारलं न्हाई अण्णा."

अण्णाराव उठले आणि जनावरांना वैरण टाकायला गेले. वैरण आधीच टाकलेली होती. ते तिथंच गोठ्यात उभे राहिले आणि सर निघेपर्यंत बाहेर आले नाहीत. दगड मिळणार की नाही, बाप येणार की नाही, यातलं काहीच त्या दिवशी कळलं नाही. नंतर केवळाबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं, "गावानं पार उकलायला घेतलाय. हे येतेत का न्हाई, मला इचारू नको."

वर्धापनदिन उजाडला. वेशीच्या जागी आता सिमेंटची कमान आहे आणि तिच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स लटकलेले असतात. कमानीखाली वैजनाथसर धुवट शर्टात उभे होते, गळ्यात हलगी. शेजारी देविदाससर. मागं मॅडम नारळ घेऊन, आणि त्यांच्या मागं सगळं कॉलेज. लातूरचं पथक मॅडमनी ग्रंथालयाआड उभं करून ठेवलं होतं, गरज पडलीच तर. उत्तरपत्रिकांवर हलगी शेकून झाली होती.

कंधारच्या रस्त्यानं ट्रॅक्टर येताना दिसले. पहिल्याच्या चाकावरच्या पत्र्यावर पांढरं धोतर आणि गुलाबी फेटा होता. अण्णाराव आले होते. ट्रॅक्टर कमानीसमोर येऊन थांबला, मागचेही थांबले. सरांनी काड्या उचलल्या.

अण्णारावांनी हात वर केला. "थांब."

पथकाला बोलवायला मॅडमनी हळूच मोबाईल काढला. सगळ्यांना वाटलं, म्हातारं आता पुन्हा वळणार.

"वाजवनारा जेवला का?" अण्णारावांनी विचारलं.

वैजनाथसरांच्या पोटात सकाळपासून भीतीशिवाय काही गेलं नव्हतं. "न्हाई अण्णा."

"मंग आदी जेव. आमी थांबतो. आमाला थांबायची सवय हाय."

केवळाबाईंनी ट्रॉलीतून फडकं खाली दिलं. त्यात धपाटे होते आणि शेंगदाण्याची चटणी. वैजनाथसरांनी हलगी बगलेत धरून, सगळ्या कॉलेजसमोर, उभ्यानं खायला सुरुवात केली. घास गिळवेना. आईला वाटलं धपाटं कोरडं झालं, म्हणून तिनं पाणी दिलं.

अण्णाराव लोकांच्या आधारानं खाली उतरले. "हे कोन?"

"देविदाससर. तवा वाजवत व्हते त्यांचे नातू."

अण्णारावांनी फडक्यातून धपाटं घेतलं, त्यावर चटणी ठेवली आणि दोन्ही हातांनी पुढं केलं. "घ्या सर. उशीर झाला."

देविदाससर क्षणभर त्या हातांकडं बघत राहिले. "हाव," ते म्हणाले, "झाला जरा." आणि त्यांनी धपाटं घेतलं.

दोघांचं खाऊन होईपर्यंत हलगी गार पडली. मग पोरं कॉलेजात पळाली आणि आणखी एक गठ्ठा घेऊन आली. तो रद्दीतला होता की नाही, याची चौकशी मॅडमनी नंतर कधी केली नाही. हलगी शेकली, नारळ फुटला आणि वैजनाथसरांनी वाजवली. फार वाईट वाजवली, यावर साऱ्या गावांचं एकमत आहे. पण चाकं हलली. अण्णाराव हलगीच्या मागं चालत फाटकाच्या आत आले आणि वैजनाथसरांना पुढचं नीट दिसेनासं झालं. धुराचा त्रास, असं त्यांनी मॅडमना सांगितलं.

त्या दिवशी करडवाडी पंगतीला बसली, जांभळीच्या पडक्या खोलीत, भिंतीच्या जागी कनात लावून. वाढायला प्राध्यापक होते. प्राध्यापक भाजी हात आखडून वाढतात, अशी तक्रार अकरा खोल्यांतून आली. जेवणानंतर खोलीला आता करडवाडीचं नाव द्यायचं का, असं मॅडमनी विचारलं. बाकीची गावं भांडायच्या तयारीनं बसलीच होती. अण्णाराव म्हणाले, "जांभळीचं गाव गेलं. नाव कामून घालवायचं?" त्यामुळं भांडण झालं नाही आणि पुष्कळांचा हिरमोड झाला.

भिंत चढली. छप्पर मात्र रखडलं, कारण गवंडी शिरूर अनंतपाळला मेहुणीच्या लग्नाला गेला आणि तिकडंच दुसरं काम धरून बसला. खोली तयार झाली ती मार्चच्या शेवटच्या दिवशी. मॅडमनी पहिला तास वैजनाथसरांना दिला. त्यांचा तो शेवटचा तास होता.

सर वर्गात शिरले तेव्हा मागच्या बाकांवर करडवाडीचे म्हातारे बसलेले होते. पार गेल्यापासून त्यांना गावात बसायला जागा राहिली नव्हती. मागच्या भिंतीला पाठ लावून अण्णाराव बसले होते, फेटा बांधून. सरांचा खडू पहिल्यांदा मोडला, दुसऱ्यांदाही मोडला. मग ते दगडावरच बोलले. दख्खनचं पठार कसं झालं, जमीन फाटून तापलेला रस कसा वर आला, थरावर थर कसे साठले आणि निवून त्याचाच हा काळा दगड कसा झाला, तो कुठल्या काळापासून जागेवर पडून आहे. पोरांनी लिहून घेतलं. शेषेरावांना डुलकी लागली. अण्णाराव तास संपेपर्यंत हलले नाहीत.

घंटा झाली, पोरांनी हार घातला, फोटो काढले आणि ती निघून गेली. अण्णाराव बसूनच होते.

"उद्या कितीला हाय?" त्यांनी विचारलं.

"उद्या न्हाई अण्णा. आजचा शेवटचा होता."

अण्णारावांनी मागच्या भिंतीवरून हात फिरवला. तो दगड त्यांनी पोरवयात स्वतः गाडीत चढवला होता.

"मंग आजचाच परत घे," ते म्हणाले. "सुरवातीला माझं ध्यान तुझ्याकडंच व्हतं, शिकवन्याकडं नव्हतं."

वैजनाथसरांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला, फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.